ब्रिटनचा पीएचडी-निधी ‘फक्त त्यांच्यासाठी’? नाही!

‘ब्रिटिश साहित्य-संस्कृतीवर तिकडे पीएचडी करायची तर घर गहाण ठेवा, सरकारी पैसा फक्त त्यांच्याच पोरांना,’ हे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. २०२१ आधी ते बरंचसं खरंही होतं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला तिथल्या संशोधन परिषदांचं दार बहुतेक बंदच असे.

२०२१-२२ पासून नियम बदलला. यूकेआरआय या सरकारी संस्थेचा निधी परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला झाला. मर्यादा साधारण ३० टक्के जागांची. साहित्य, इतिहास, कला हे विषय तिच्या एएचआरसी या परिषदेकडे येतात. २०२५-२६ चा किमान निर्वाहभत्ता वर्षाला २०,७८० पौंड आहे, लंडनमध्ये थोडा जास्त.

खरी मेख फीमध्ये आहे. परिषद देते ती स्थानिक विद्यार्थ्याची फी, सुमारे ५,००० पौंड. परदेशी फी त्याच्या कैक पट असते. हा फरक निवड झालेल्या विद्यार्थ्याकडून वसूल करता येत नाही, तो विद्यापीठाने सोसायचा. साहजिकच काही विद्यापीठं परदेशी उमेदवार घेताना हात आखडता घेतात. अर्जाआधी विभागाला एक ईमेल टाकून हे सरळ विचारावं, त्यात कसला संकोच? व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) कोण भरणार तेही विचारा, तो वर्षाला ७७६ पौंड आहे.

आणि चेवनिंगच्या नादी लागू नका. ती शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, पीएचडीसाठी नाहीच.