गोल स्कर्ट चारच ठिकाणी का लोंबतो?

जुन्या चादरीचा गोल स्कर्ट बेतला. चादरीची चौपदरी घडी, कोपऱ्यात टाचणी, टाचणीला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला खडू. शाळेतला कंपासच, फक्त थोराड. शिवण्याआधी जमिनीवर पसरून मोजला तेव्हा वर्तुळ चोख होतं. शिवून हँगरला अडकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर खालची कड चार ठिकाणी उतरलेली, चारही जागा एकमेकींपासून सारख्याच अंतरावर.

कुणालाही सांगा, ‘कापताना हात हलला असेल’ हे उत्तर ठरलेलं. नजर लागली म्हणणारंही कुणीतरी भेटतंच. ९० अंशांचा कोन न चुकता चार वेळा मोजणारी नजर असेल, तर तिला शिवणवर्गात नोकरी द्यायला हवी! खरं कारण चादरीच्या विणीत आहे, आणि ते मला स्कर्टपेक्षाही जास्त आवडतं.

चादर म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची वीण. उभ्या धाग्याच्या दिशेने कापड ओढलं तर ते फारसं हलत नाही, कारण तिथे तुम्ही थेट सुतालाच ताणत असता. कापसाचा तंतू साधारण ५ ते १० टक्के लांबला की तुटतोच. आडव्या दिशेला बहुधा किंचित जास्त सैलपणा मिळतो. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात, त्यामुळे वर-खाली वळणं घेण्याचं काम जास्त करून आडव्या धाग्यांच्या वाट्याला येतं. ओढलं की आधी ती वळणं सरळ होतात.

आता तेच कापड कर्णाच्या दिशेने ओढा. शिंपी याला ‘क्रॉस’ म्हणतात. कापड रबरासारखं लांबतं आणि मध्ये अरुंद होतं. सूत मात्र जवळजवळ ताणलेलं नसतं! जुन्या लिफ्टची सरकती जाळी आठवा. पट्ट्यांची लांबी तीच राहते, फक्त त्यांच्यातला कोन बदलतो. कापडातही उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे खिळा नसतो, नुसतं घर्षण असतं. ते धागे तिथल्या तिथे वळतात आणि चौरसाचा तिरका समभुज चौकोन होतो.

आकड्यांत पाहू. १० सेंमी बाजूच्या चौरसाचा कर्ण १४.१ सेंमी. धाग्यांमधला कोन ९० अंशांवरून ८० वर आला, तर एक कर्ण १५.३ होतो आणि दुसरा १२.९. म्हणजे धागा न ताणता लांबी ८ टक्क्यांनी वाढली आणि रुंदी ९ टक्क्यांनी घटली. कोन फार लहान झाला की धागे एकमेकांना भिडतात आणि कापड अडतं.

गोल स्कर्टमध्ये कापड कमरेभोवती सगळीकडे फिरतं, पण धाग्यांच्या दिशा मात्र दोनच. त्यामुळे समोर उभा धागा खाली लोंबत असेल, तर बाजूला आडवा धागा लोंबतो आणि त्या दोहोंच्या मधोमध कर्ण. पूर्ण वर्तुळात असे कर्ण चार येतात. धाग्याशी थीटा कोन करणाऱ्या जागी कापड किती लांबेल, ते ढोबळमानाने साइन दोन-थीटाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं: शून्य अंशाला शून्य, ४५ ला सर्वाधिक, ९० ला पुन्हा शून्य. (त्रिकोणमितीशी वैर असेल तर हे वाक्य सोडून द्या, कड तरीही लोंबेलच.) वरच्या भागावर खालच्या सगळ्या कापडाचं वजन असतं आणि धागे घर्षणाला न जुमानता हळूहळू सरकत राहतात, म्हणून हे एका क्षणात न होता रात्रभरात होतं. ‘पाच मिनिटांत चादरीचा स्कर्ट’ दाखवणारे व्हिडिओ नेमके सहाव्या मिनिटाला संपतात. दुसरी सकाळ त्यांत कधी नसतेच.

१९२० च्या दशकात पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी याच सरकण्याला कामाला लावलं. अख्खा पोशाख त्या क्रॉसमध्ये बेतत, त्यामुळे कापड अंगाबरोबर वळायचं.

वापरून विरलेली चादर इथे नव्या कापडापेक्षा उजवी ठरते. ती आटायची तेवढी आधीच आटलेली असते. खळ धुऊन गेल्यामुळे धागेही सहज वळतात आणि कापड छान पडतं. पाठीला रबरासारखा लेप असलेला पडदा मात्र घेऊ नका. लेपाने धाग्यांच्या गाठभेटी चिकटवून टाकलेल्या असतात, कोन बदलत नाही आणि स्कर्ट दिव्याच्या शेडसारखा ताठ उभा राहतो.

बेतण्याचं गणित छोटं आहे. नेफ्यात इलॅस्टिक घालायचं तर वरचं भोक नितंबांवरून उतरलं पाहिजे. घेर १०० सेंमी धरला तर त्रिज्या १०० भागिले ६.२८, म्हणजे सुमारे १६. लांबी ५५ हवी तर बाहेरची त्रिज्या ७१. व्यास १४२ सेंमी, तेव्हा दीड मीटर रुंदीच्या चादरीत बसतो. चादर उजेडासमोर धरा. ती बहुधा मध्येच विरलेली असते. वर्तुळाचा मध्य तिथेच घेतला तर त्यातला थोडा भाग आपोआप भोकात जातो. भोकाच्या कडेलाही चार क्रॉस येतात, म्हणून कापल्या कापल्या तिथे एक टीप मारा, नाहीतर शिवेपर्यंत १०० चे १०५ होतात.

नेफा झाला की खालची दुमड लगेच घालू नका. स्कर्ट एक दिवस अडकवून ठेवा, मग घालून सरळ उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून पट्टीने मोजून खडूच्या खुणा करायला सांगा. खुणांवरून कापलं की चार तुकडे हातात येतात, चंद्रकोरीसारखे, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळते.