मेटाबारकोडिंग म्हणजे मेटाजेनोमिक्स नव्हे

एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की नागपुरात कोणीतरी विचारतंच, "सर, मेटाबारकोडिंग अन् मेटाजेनोमिक्स सेमच आहे ना?" नमुन्यातल्या डीएनएवरून तिथल्या जीवांचा शोध घेण्याच्या या दोन पद्धती, पण सेम नाहीत. सिनॉप्सिसमध्ये एक शब्द लिहून लॅबमध्ये दुसरंच करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यावर मार्गदर्शकाची सहीही असते.

उदाहरण पीटच्या दलदलीतल्या बुरशीचं घेऊ, कारण तिथे हा फरक चांगलाच जाणवतो. आपल्याकडे पीट म्हटलं की नर्सरीतलं कोकोपीट आठवतं. तो नारळाच्या सालीचा भुसा, त्याचा इथे संबंध नाही. खरं पीट म्हणजे पाण्याने भरलेल्या, प्राणवायू नसलेल्या जागी हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पती. थंड प्रदेशात त्यात स्फॅग्नम शेवाळ मुख्य. भारतात निलगिरीच्या माथ्यावर थोडं सापडतं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के जागा पीटने व्यापली आहे, पण मातीतल्या कार्बनचा साधारण तिसरा हिस्सा तिथे अडकला आहे. तो कुजवून मोकळा करणाऱ्यांत बुरशी असते, म्हणून तिथे कोणकोण आहे हे कळायला हवं. पेट्री डिशमध्ये यातल्या कित्येक जाती वाढतच नाहीत. मग चिमूटभर पीट घ्यायचं आणि त्यातला सगळा डीएनए काढायचा. हाच पर्यावरणीय डीएनए. इथपर्यंत दोन्ही पद्धती एकच आहेत, घोळ होतो तो म्हणूनच.

आता संध्याकाळी नागपुरातल्या बर्डीच्या गजबजलेल्या व्हेरायटी चौकात उभे राहा. मेटाबारकोडिंग म्हणजे गर्दीतल्या गाड्यांच्या फक्त नंबरप्लेट टिपणं: एमएच ३१, एमएच ४९, ग्रामीणची एमएच ४०, मधूनच चंद्रपूरची ३४. बुरशीची नंबरप्लेट म्हणजे आयटीएस हा डीएनएचा छोटा तुकडा. २०१२ मध्ये तो बुरशीचा अधिकृत बारकोड म्हणून मान्य झाला. पीसीआरने तेवढ्याच तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, वाचायच्या आणि 'युनाइट' या डेटाबेसशी ताडून पाहायच्या. रजिस्टरात नोंदच नसेल तर प्लेट दिसते, मालक कळत नाही. बुरशीच्या बाबतीत हे सतत होतं. नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास, आणि एकूण अंदाज २२ ते ३८ लाखांचा!

मेटाजेनोमिक्समध्ये प्लेटकडे कोणी बघत नाही. चौकातल्या सगळ्या गाड्या खोलून सुट्या भागांचा एकच ढीग करायचा आणि मूठ मूठ भाग उचलून तपासायचे. इथे कुठला जीन मिळाला, वनस्पतींतलं सेल्युलोज किंवा लिग्निन फोडणाऱ्या एन्झाइमचा आहे का, हे कळतं. मात्र पीटच्या ढिगात बहुतेक भाग बॅक्टेरिया आणि आर्किया (बॅक्टेरियासारखेच एकपेशी सूक्ष्मजीव) यांचे असतात, बुरशीचे हाताला लागतात तुरळक. त्यात बुरशीचे जीनोम (म्हणजे एका जीवाचा संपूर्ण डीएनए) मोठे, आणि ताडून पाहायला पूर्ण वाचलेले जीनोम कमी. जातींची यादीच हवी असेल तर यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण यादीलाही अटी आहेत. पीटमधून काढलेला डीएनए चहासारखा तपकिरी दिसला तर ते कुजलेल्या वनस्पतींतून येणारं ह्युमिक आम्ल समजा. ते पीसीआर अडवतं आणि प्रती झाल्या का हे ज्यावर पाहतात ती जेल कोरी येते. नमुना शुद्ध करावा किंवा पातळ करून पाहावा. दुसरी अट टक्क्यांची. एका बुरशीत आयटीएसच्या मोजक्या प्रती, तर दुसरीत शेकडो. एकाच गाडीला शंभर प्लेट लावल्यासारखं ते. त्यामुळे "३० टक्के रीड्स (वाचलेले तुकडे) अमुक जातीचे" याचा अर्थ "३० टक्के बुरशी तीच" असा होत नाही. प्रबंधांत सर्वांत जास्त वेळा मला हीच चूक दिसते.

नावावरून काम ठरवणं हाही तसाच मोह. प्लेट पिवळी म्हणजे व्यावसायिक गाडी, एवढंच कळतं. ती आज भाड्याने धावतेय का, हे नाही. मेटाजेनोमिक्स इंजिन दाखवेल, पण ते सुरू आहे की बंद, हे तेही सांगत नाही.

आणि दोन्ही पद्धती मेलेल्यांनाही मोजतात. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या जप्तीच्या गाड्यांवरही प्लेट असतेच की. २०१६ च्या एका अभ्यासात मातीतला सरासरी ४० टक्के डीएनए जिवंत पेशींबाहेरचा किंवा फुटलेल्या पेशींतला निघाला होता. पीटमध्ये कुजणं मंद असल्याने खोल थरातल्या नमुन्याबाबत ही शंका जास्तच घ्यावी. आज कोण सक्रिय आहे हे पाहायचं तर आरएनए, म्हणजे पेशीने चालू जीनची काढलेली नक्कल, लागतो. तो भराभर मोडतो, म्हणून नमुना तिथल्या तिथे गोठवावा लागतो. पीट खणायला निघण्याआधी द्रव नायट्रोजनचा डबा भरून घेतला का, तेवढं बघा.