परिचारिकांचे मधुमेहविषयक ज्ञान

मधुमेहाचे औषध डॉक्टर लिहून देतात. ते टोचणे, बोटाच्या रक्तातून साखर तपासणे, जेवणाच्या वेळेशी डोसाचा मेळ घालणे आणि घरी जाणाऱ्या रुग्णाला समजावणे हे काम मात्र परिचारिकेचे. इन्सुलिन १९२२ मध्ये टोरांटोत प्रथम माणसाला दिले गेले. त्याच काळात बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी परिचारिकांना खास शिकवून रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली.

हे ज्ञान मोजण्यासाठी सहसा प्रश्नावली वापरतात. आजाराची व्याख्या, लक्षणे, साखरेची पातळी हा भाग नर्सिंगच्या अभ्यासक्रमातलाच असल्याने बहुतेकींना येतो. अडचण येते ती हातातल्या कामात.

भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे, तर इन्सुलिन टोचायच्या पेनच्या कार्ट्रिजमधले (पेनात बसणाऱ्या नळीतले) १०० युनिटचे असते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. लाल संपल्या म्हणून ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने ‘२०’ च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर अंगात जातात अवघी ८ युनिट. उलट, कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल सिरिंजने त्याच रेघेपर्यंत घेतले, तर ५० युनिट जातात आणि रुग्णाची शुगर धोकादायक उतरू शकते. टोपणाच्या रंगावरचा हा एक प्रश्न व्याख्येच्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातो.

साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीत असला, तर १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यायचे. साधे (रेग्युलर) इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास टोचतात. म्हणून इंजेक्शन दिल्यावर ताट उशिरा आले, तर पहिली नजर सिस्टरचीच हवी. मुळातच गढूळ दिसणाऱ्या इन्सुलिनची बाटली हलवायची नसते, तळहातांत हलकेच फिरवायची असते. टोचायची जागाही रोज बदलावी लागते. एकाच ठिकाणी टोचत राहिले की तिथे चरबीची गाठ धरते आणि औषध नीट शोषले जात नाही.

आपल्याला किती येते हा अंदाजही दर वेळी भरवशाचा नसतो. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परिचारिकांचा स्वतःच्या ज्ञानाबद्दलचा अंदाज आणि प्रत्यक्ष चाचणीतले गुण जुळले नाहीत.

भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. तिशीपुढच्या लोकांची तपासणी आता गावच्या उपकेंद्रातही होते. तिथे डॉक्टर नसतो, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) किंवा समुदाय आरोग्य अधिकारी असतात. घरी फ्रीज नसेल तर बाटली कुठे ठेवायची, असे रुग्ण त्यांनाच विचारतो. ओल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी पिशवीत गुंडाळून, हे उत्तर त्यांना तोंडपाठ असावे लागते.