डिव्हिजन थ्री पुरुष फुटबॉल : हंगामाअखेर संघतुलना

अमेरिकेतील छोट्या महाविद्यालयांच्या पुरुष फुटबॉल (तिथल्या भाषेत ‘सॉकर’) संघांपैकी त्या वर्षी कोण किती सरस होते, हे हंगाम संपल्यावर ठरवण्याची पद्धत. यांतील बहुतेक महाविद्यालये नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या संस्थेच्या तिसऱ्या गटात, म्हणजे ‘डिव्हिजन थ्री’मध्ये मोडतात. एनसीएएने १९७३ मध्ये आपल्या सदस्य संस्थांचे तीन गट पाडले. तिसऱ्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. या गटात पुरुष फुटबॉलचे ४०० हून अधिक संघ आहेत आणि त्यांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ पासून भरते; पहिले विजेतेपद न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉकपोर्टने मिळवले.

नियमित हंगामात एक संघ साधारण १५ ते २० सामने खेळतो. म्हणजे ४०० पैकी फार तर वीस संघांशी त्याची गाठ पडते, तीही बहुतेक बसने जाता येईल अशा अंतरावरच्या. मॅसॅच्युसेट्समधला अव्वल संघ आणि टेक्सासमधला अव्वल संघ वर्षभरात समोरासमोर येत नाहीत, आणि दोघांशी खेळलेला तिसरा संघही सहसा सापडत नाही. ज्या लीगमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो तिथे गुणतक्ता बोलतो. इथे तसा तक्ताच नाही, त्यामुळे तुलना पुराव्यांवरून बांधावी लागते.

हंगामाची रचना : ऑगस्टच्या उत्तरार्धात सराव, १ सप्टेंबरच्या आसपास सामने सुरू, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परिषदांच्या स्पर्धा, मग राष्ट्रीय बाद फेरी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अंतिम सामना. ‘परिषद’ म्हणजे कॉन्फरन्स, आठ-दहा महाविद्यालयांचा कायमचा गट. परिषदेच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या मोजक्या जागा निवड समिती भरते.

परिषदांची घडण सारखी नाही, आणि तुलनेत पहिली चूक इथेच होते. न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील, नेस्कॅक परिषदेत अकरा संघ आहेत : ॲमहर्स्ट, बेट्स, बोडिन, कोल्बी, कनेक्टिकट कॉलेज, हॅमिल्टन, मिडलबरी, ट्रिनिटी, टफ्ट्स, वेस्लियन आणि विल्यम्स. प्रत्येकाचे परिषदेतले १० सामने आणि बाहेरचे जेमतेम पाच. शिकागो, एमरी, सेंट लुईसचे वॉशिंग्टन विद्यापीठ, न्यूयॉर्क विद्यापीठ वगैरे आठ संशोधन विद्यापीठांच्या यूएए परिषदेत मात्र आपसांतले सात सामने आणि बाकी सगळे बाहेरचे. यूएएमध्ये परिषदेची अखेरची स्पर्धाही नसते. साखळीत पहिला येणारा थेट पुढे जातो. त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक संघ तीन दमवणारे बाद सामने खेळून येतो, तर दुसरा ताज्या पायांनी. नुसत्या जय-पराजयाच्या आकड्यांत हे दिसत नाही.

विजय-प्रमाण आणि वेळापत्रकाची ताकद : पहिला आकडा विजय-प्रमाणाचा. बरोबरी अर्धा विजय धरतात. समजा, अ संघाने १६ जिंकले, २ हरले, २ बरोबरीत सोडवले, तर (१६ + १) ÷ २० = ०.८५०. ब संघाचे १३ विजय, ३ पराभव, ४ बरोबरी : (१३ + २) ÷ २० = ०.७५०. इथवर अ पुढे.

आता वेळापत्रकाची ताकद काढायची. रूढ सूत्रात प्रतिस्पर्ध्यांच्या विजय-प्रमाणाच्या सरासरीला दोन भाग आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला एक भाग वजन असते. अ च्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण ०.४७० आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे ०.४९० असेल, तर ताकद सुमारे ०.४७७. ब साठी हेच आकडे ०.६२० आणि ०.५६० असतील, तर ०.६००. हा फरक मोठा आहे. ब ने चार बरोबऱ्या अशा संघांशी केल्या असतील ज्यांच्याशी अ खेळलाच नाही. प्रतिस्पर्ध्याचे प्रमाण काढताना त्याचा आपल्याशी झालेला सामना वगळावा लागतो. तो तसाच ठेवला, तर सतत जिंकणाऱ्या संघाचे वेळापत्रक आहे त्याहून सोपे भासते, कारण त्याच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात त्यानेच एक पराभव घातलेला असतो.

या सूत्रात एक खोल अडचण आहे. परिषदेच्या आतले सामने एकत्र धरले, तर जितके विजय तितकेच पराभव. सरासरी नेहमी ०.५०० वरच येते. म्हणून एखादी परिषद भारी की हलकी, हे ठरते बाहेरच्या सामन्यांवर. नेस्कॅकमध्ये अकरा संघांचे पाच-पाच, म्हणजे सुमारे ५५ सामने साऱ्या परिषदेची पत ठरवतात, आणि त्यांतले पुष्कळ सप्टेंबरातले असतात, जेव्हा नवे खेळाडू अजून संघात रुळलेले नसतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तळाच्या नेस्कॅक संघाने शेजारच्या दुबळ्या संघाला हरवले, तरी त्याचा फायदा नोव्हेंबरात अव्वल संघाच्या आकड्यात उतरतो. वेळापत्रकाचा आकडा वाचण्यापूर्वी तो किती आंतर-परिषद सामन्यांवर उभा आहे आणि ते सामने कोणत्या महिन्यातले, हे पाहायलाच हवे. दोन परिषदांना जोडणारे तीन-चारच सामने असतील, तर तिसऱ्या दशांश स्थळाला काही अर्थ उरत नाही.

अधिकृत निवड : पूर्वी समिती विजय-प्रमाण, वेळापत्रकाची ताकद, विभागीय मानांकनातील संघांविरुद्धचे निकाल, आपसांतला सामना आणि समान प्रतिस्पर्धी हे निकष शेजारी ठेवून चर्चेने निर्णय घेई. २०२४ च्या हंगामापासून एनसीएए पॉवर इंडेक्स (एनपीआय) ही गणिती पद्धत आली. तिच्यात प्रत्येक सामन्याला स्वतंत्र मूल्य मिळते. निकालाचे वजन, प्रतिस्पर्ध्याचा स्वतःचा निर्देशांक, घरच्या की परक्या मैदानावर खेळ झाला ते, आणि चांगल्या संघाला हरवल्याची बक्षिसी, असे घटक त्यात मिळतात. प्रतिस्पर्ध्याचा निर्देशांकही याच गणितातून येत असल्याने आकडे स्थिरावेपर्यंत आकडेमोड पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. ठरावीक किमान विजय मोजून झाले की ज्या विजयाने निर्देशांक खाली येईल तो वगळला जातो. जुन्या पद्धतीत दुबळ्या शेजाऱ्याला ६-० ने हरवूनही नुकसान व्हायचे; ते यामुळे बरेच थांबले, आणि हा बदल न्याय्य आहे. गोलफरकाला मात्र एनपीआयमध्ये स्थान नाही. १-० आणि ५-० इथे सारखेच.

याशिवाय युनायटेड सॉकर कोचेस या प्रशिक्षकांच्या संघटनेची मतदानावर आधारित क्रमवारी असते. प्रशिक्षक आपल्या भागातले संघ डोळ्यांनी पाहतात, ही तिची जमेची बाजू. दूरच्या भागाबद्दल ते गेल्या वर्षीच्या नावावर मत देतात, हा तिचा कायमचा दोष. सप्टेंबरातल्या याद्यांत हा दोष सर्वाधिक असतो, म्हणून तुलनेला शेवटचीच यादी घ्यावी.

सामन्याच्या नोंदीतून काय काढावे : फुटबॉलमध्ये एका सामन्यात दोन-तीन गोल होतात, त्यामुळे निकालात नशिबाचा वाटा मोठा. एका गोलाच्या फरकाने नऊपैकी आठ सामने जिंकलेला संघ कणखर असेलही, पण पुढच्या नऊमध्ये तेच प्रमाण टिकणे कठीण. अशा वेळी अधिकृत नोंदपत्रक उघडावे. फटके, गोलच्या दिशेने गेलेले फटके, कॉर्नर, गोलरक्षकाने अडवलेले चेंडू आणि गोलांची मिनिटे एवढे त्यात मिळते. फटक्यांची बेरीज जशीच्या तशी घेऊ नये. ७ व्या आणि २० व्या मिनिटाला गोल करून २-० आघाडी घेतलेला संघ पुढचा तासभर मागे बसतो, आणि पत्रकावर प्रतिस्पर्ध्याचे १४ विरुद्ध ६ फटके दिसतात. म्हणून बरोबरी असतानाचे फटके वेगळे मोजावेत. घटनाक्रम छापलेला असतो, त्यातून ते निघतात. एका सामन्याला दहा मिनिटे पुरतात. फटका कशाला म्हणायचे हे यजमान महाविद्यालयाचा नोंदनीस ठरवतो आणि त्यात हात सैल-घट्ट असतो. एकाच संघाचे घरचे आणि परक्या मैदानावरचे सरासरी फटके फार वेगळे दिसले, तर गोलच्या दिशेने गेलेल्या फटक्यांवरच भर द्यावा.

गोल कसे झाले हेही पाहावे. जस्टिन सर्पोन यांच्या प्रशिक्षणाखालील ॲमहर्स्टचा संघ थेट खेळासाठी, लांब थ्रो-इनसाठी आणि कॉर्नर-फ्री किकवरच्या दबावासाठी ओळखला जातो. महाविद्यालयीन नियमांत मैदानाची रुंदी ७० ते ८० यार्डांदरम्यान असते. अरुंद मैदानावर लांब थ्रो थेट गोलच्या तोंडाशी पडतो, रुंद मैदानावर तो अलीकडे पडतो. चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्या संघाचे याच्या उलट होते. असे दोन संघ तोलताना अंतिम फेरीचे मैदान कसे, हा प्रश्न गैरलागू नाही.

राखीव फळीही मोजावी. महाविद्यालयीन नियमांत बदली खेळाडू उदारपणे वापरता येतात : पहिल्या अर्धात बाहेर गेलेला त्या अर्धात परतत नाही, दुसऱ्या अर्धात मात्र एकदा परतू शकतो. शुक्रवार-रविवार किंवा शनिवार-रविवार असे लागोपाठ सामने आले की १८ खेळाडू आलटून-पालटून खेळवणारा संघ १३ जणांवर चालणाऱ्या संघाला दुसऱ्या दिवशी गाठतो. राखीव खेळाडूंची खेळलेली मिनिटे आणि ७० व्या मिनिटानंतरचा गोलफरक एकत्र पाहिले की हे कळते.

बाद फेरीचे वजन किती : बाद फेरीचा तक्ता प्रवासखर्च धरून आखला जातो. विमानप्रवास टाळण्यासाठी जवळचे संघ एका ठिकाणी टाकतात, त्यामुळे न्यू इंग्लंडमधले किंवा पेनसिल्व्हेनियातले तगडे संघ दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच एकमेकांना बाद करतात, आणि दुसरीकडे एखादा संघ तुलनेने मोकळ्या वाटेने पुढे येतो. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत कोण पोहोचले एवढ्यावरून क्रम लावणे म्हणूनच चूक आहे. कोणाला हरवून पोहोचले हे लिहावे आणि कोणाकडून हरले तेही. अखेर विजेत्या ठरलेल्या संघाकडून दुसऱ्या फेरीत पेनल्टींवर बाद झालेला संघ दहाव्या क्रमांकाच्या वर असू शकतो.

पेनल्टी शूटआउटने गेलेला सामना अधिकृत नोंदीत बरोबरीच राहतो. २०२१ चा अंतिम सामना याचे ठळक उदाहरण. कनेक्टिकट कॉलेज आणि ॲमहर्स्ट १-१ असे बरोबरीत राहिले आणि शूटआउटमध्ये कनेक्टिकटने त्या महाविद्यालयाचे कोणत्याही खेळातले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. चषक कनेक्टिकटचा, यात वाद नाही. पण त्या दोन संघांत ९० मिनिटांच्या खेळात अंतर किती, या प्रश्नाला त्या सामन्याचे उत्तर ‘शून्य’ असे आहे. २०२२ मध्ये उलट चित्र होते. शिकागो विद्यापीठाने २२ विजय, एक बरोबरी आणि एकही पराभव नाही अशा नोंदीने विजेतेपद घेतले, विल्यम्सला अंतिम फेरीत हरवले. शिकागोच्या ज्युलिॲन सिच या पुरुषांच्या संघाला एनसीएए फुटबॉल विजेतेपद मिळवून देणाऱ्या पहिल्या महिला प्रशिक्षक ठरल्या. त्या वर्षी हंगामाची नोंद, वेळापत्रक आणि चषक तिन्ही एकाच संघाकडे बोट दाखवत होते. असे वर्ष क्वचित येते.

बऱ्याचदा एकाच वर्षाच्या निकालाला जवळची वर्षे जोडून वाचावे लागते. २०२३ मध्ये मिनेसोटातील सेंट ओलाफने ॲमहर्स्टला २-१ ने हरवून पहिले विजेतेपद मिळवले. ॲमहर्स्ट मात्र २०१५, २०१९, २०२१, २०२३ आणि २०२४ अशा पाच अंतिम फेऱ्यांत होते, त्यांतल्या २०१५ आणि २०२४ च्या त्यांनी जिंकल्या. २०२० ची स्पर्धा महासाथीमुळे झाली नाही, म्हणजे दहा वर्षांतल्या नऊ स्पर्धांपैकी पाच. एका डिसेंबरचा निकाल सेंट ओलाफच्या बाजूने आहे आणि तो पूर्ण कमावलेला आहे. सातत्याचा पुरावा ॲमहर्स्टच्या बाजूने आहे. हंगामाची क्रमवारी लावताना पहिल्यालाच वजन द्यावे. दुसरा पुरावा परिषदेची ताकद पडताळण्यासाठी वापरावा.

क्रम मांडताना १, २, ३, ४ असे सुटे आकडे देण्यापेक्षा टप्पे पाडणे प्रामाणिक ठरते : पहिल्या टप्प्यात दोन-तीन संघ, दुसऱ्यात पाच-सहा, तिसऱ्यात दहा-बारा. आपसांतला सामना फक्त एकाच टप्प्यातल्या संघांसाठी निर्णायक धरावा, नाहीतर क ने ख ला, ख ने ग ला आणि ग ने क ला हरवल्याचे चक्र सुटत नाही. आपसांतला सामना सप्टेंबरातला असेल आणि त्यानंतर एखाद्या संघाचा मुख्य गोलरक्षक किंवा मध्यफळीचा सूत्रधार जायबंदी झाला असेल, तर ते शेजारी नोंदवावे.

वेगवेगळ्या काळांतील तुलना : ही सर्वांत अवघड. पेनसिल्व्हेनियातील मेसायाने २००० ते २०१७ या काळात ११ विजेतेपदे घेतली, टफ्ट्सने २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ अशी चार. त्याआधी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेने १९८२ ते १९८७ या सहा वर्षांत पाच विजेतेपदे जिंकली आणि ते पहिल्या गटात निघून गेले. तीन वेळची विजेती कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन डिएगो शाखाही पुढे हा गट सोडून गेली. आजच्या डिव्हिजन थ्रीमध्ये ते संघ नाहीत, म्हणून १९८० च्या दशकाचा गट आणि आजचा गट एकच धरता येत नाही. नियमही बदलले. २०२२ पूर्वी नियमित हंगामातल्या बरोबरीनंतर दहा-दहा मिनिटांचे दोन जादा अर्ध असत आणि पहिला गोल होताच सामना संपे. २०२२ पासून नियमित हंगामातला जादा वेळ बंद झाला. बाद सामन्यांत दोन्ही अर्ध पूर्ण खेळवतात आणि मग पेनल्टी. साहजिकच बरोबऱ्या वाढल्या. २०१८ मधले १८ विजय आणि २०२३ मधले १८ विजय शेजारी ठेवायचे असतील, तर आधी २०१८ च्या यादीतले जादा वेळेत सुटलेले सामने बरोबरी धरून प्रमाण नव्याने काढावे लागते.