स्टिअरिंग बॉक्स आवळून आणू नका: जुन्या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलबद्दल थोडं

जुनी महिंद्रा जीप वापरणाऱ्या आमच्या बहुतेक ग्राहकांची तक्रार एकच असते. पन्नास-साठच्या वेगात पुढचं एक चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थरथर जात नाही. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: “डॅम्पर लावून देता का?”

लावून देतो, पण सगळ्यात शेवटी. डॅम्पर थरथर दाबतो, झीज भरून काढत नाही. पुढच्या अ‍ॅक्सलची ढिलाई तशीच राहते आणि काही महिन्यांत नवा डॅम्परही जातो.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खातं ते स्टिअरिंग बॉक्सचं, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणाऱ्या गिअरच्या डब्याचं आवळणं. स्टिअरिंगला प्ले, म्हणजे मोकळी ढिलाई, आली की रस्त्यावरचा मेकॅनिक बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पिळून देतो. पाच मिनिटांचं काम, आणि प्ले गेल्यासारखा वाटतो. पण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून बॉक्स मध्यभागी जास्त झिजतो आणि दोन्ही टोकांना कमी. मधला प्ले काढायला आवळलं की टोकांना तो जाम होतो. मग वरंध घाटासारख्या रस्त्यावर वळण संपलं तरी स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, हाताने ओढून आणावं लागतं. शिवाय आत जे काही शाबूत असतं तेही घासून जातं. अशी गाडी आली की आधी बॉक्स खोलावा लागतो, अ‍ॅक्सलचं काम त्यानंतर. दोन दिवसांचं काम चार दिवसांवर जातं ते यामुळेच.

खरा दोष कुठे आहे, हे घरीही बरंचसं कळतं. गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवा. हललं, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही हलत राहिलं तर किंग पिन, म्हणजे जिच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन. टाय रॉडसाठी, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांसाठी, चाकं जमिनीवरच ठेवा. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली वाकून दांडीच्या टोकाचा सांधा, म्हणजे एकेक एंड, बघायचा. बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ टाय रॉडकडे वळवणारा फिरता तुकडा) असलेल्या गाडीत तिची पिन बघायला विसरू नका, कारण ढिलाई पुष्कळदा तिथेच सापडते.

सीजे 3बी, सीजे 500, एमएम 540 अशा गाड्यांच्या बंद नकलमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाच्या, चाक वळवणाऱ्या सांध्यात, किंग पिनला वर आणि खाली एकेक टेपर बेअरिंग असतं. ही बेअरिंगं पूर्ण फिरत नाहीत, थोडीशी इकडे-तिकडे होतात आणि खड्ड्यांचा मार मात्र एकाच जागी खातात. खोलल्यावर कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर, रोलरच्या ओळी उमटलेल्या दिसतात, नख फिरवलं तर नखाला लागतात. असा कप आत असताना नुसता शिम (जाडी जुळवायची पातळ पत्री) काढून कॅप आवळली तर स्टिअरिंग सरळ रेषेत अडकतं. म्हणून आम्ही कप आणि बेअरिंग जोडीनेच बदलतो, दोन्ही बाजूंची. शिम वर-खाली सारखे वाटून घेतो, कारण तसं नाही केलं तर आतला शाफ्ट मध्यावर राहत नाही. ऑइल सील चढवण्याआधी नकल स्प्रिंग काट्याने ओढून ताण मोजतो. “हाताने कळत नाही का?” असं काही जण विचारतात. अंदाज येतो, पण दोन्ही बाजू सारख्या बसवायच्या तर काटाच लागतो.

आत काय झिजलंय ते खोलल्याशिवाय कळत नाही, म्हणून फोनवर खर्च सांगत नाही. चिखलातून फिरणाऱ्या गाडीत सील गेलेलं असतं, नकलच्या गोळ्यावर गंजाचे खड्डे पडलेले असतात, ग्रीसमध्ये पाणी शिरून ते दुधाळ झालेलं असतं. गोळा खडबडीत असेल तर नवं सील पहिल्याच पावसात फाटतं. खोलून दाखवतो, आकडा सांगतो, तुम्ही हो म्हटल्यावरच पुढचं काम. काढलेले सगळे पार्ट परत देतो. स्वतः पार्ट आणलेत तरी चालेल, मात्र बेअरिंग आमच्यासमोर डब्यातून काढा.

गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंगचा पाटा चासीला जोडणाऱ्या झुलत्या कड्या, लावले असतील तर आधीच सांगा. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकलने कास्टर, म्हणजे किंग पिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, आणि बाकी सगळं नवं घातलं तरी थरथर राहू शकते. या गाड्यांना कास्टर साधारण 3 अंश लागतो.

काम होईपर्यंत गाडी हळू चालवा. थरथर सुरू झालीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट धरा आणि जोराचा ब्रेक न मारता वेग उतरू द्या. फोर व्हील फक्त चिखलात किंवा सैल मातीत टाका, कोरड्या डांबरावर नको. पुढची आणि मागची चाकं वळणात सारखं अंतर कापत नाहीत आणि मधे तो फरक सोसणारं काही नसतं, त्यामुळे सगळा पीळ झिजलेल्या जॉइंटवर येतो.

काम झाल्यावर काही शे किलोमीटर चालवून गाडी एकदा दाखवायला आणा. नवी बेअरिंगं बसतात, ताण पुन्हा बघावा लागतो. त्याचे पैसे घेत नाही. पावसाळ्याआधीची प्ले तपासणीही आमच्याकडे मोफत असते. मे महिन्यात गर्दी होते, शक्यतो एप्रिलमध्येच या. गाडी धुऊन आणा, पण खालून ग्रीस मारून आणू नका. ताज्या ग्रीसखाली प्ले दिसत नाही.