रबर प्लांटचं पान पिवळं पडलं? आधी कुठलं पान ते बघा

मेघालयात चेरापुंजीच्या बाजूला खासी लोक ओढ्यांवर जिवंत मुळांचे पूल तयार करतात, ती मुळं ज्या झाडाची तेच आपल्या हॉलमधल्या कुंडीतलं रबर प्लांट, फायकस इलास्टिका. तिथे वर्षाला ११ हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या चार-पाच पट, आणि झाड मजेत वाढतं. आणि तेच झाड आपल्या घरात रोज एक मग पाणी घातलं तर महिना-दोन महिन्यांत पानं टाकायला लागतं! हे असं का होतं ते कळलं ना की पानांच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

हे झाड वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं (टायरचं रबर देणारं केरळातलं झाड वेगळं, पण चीक यालाही येतो आणि एकेकाळी आसामात याच्यापासूनही रबर काढायचे). जंगलात बऱ्याचदा त्याचं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, मुळं हवेत लोंबत खाली येतात आणि उतारावरच्या दगडधोंड्यांत शिरतात, पाऊस धो धो पडतो पण पाणी साचत नाही, वाहून जातं. म्हणजे मुळांना पाणी भरपूर आणि हवाही भरपूर. कुंडीत नेमकी हवाच मिळत नाही. मुळंसुद्धा श्वास घेतात आणि ऑक्सिजन हवेत जेवढ्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण १० हजार पट सावकाश पाण्यात पसरतो, त्यामुळे मातीतल्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग पिथियमसारखे रोगजंतू शिरतात आणि मुळं कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पानं मान टाकतात, आणि घरातले म्हणतात अरे तहान लागलीय त्याला, घाल पाणी. इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात, आणि फार वाईट वाटतं कारण ही माणसं झाडावर प्रेम करणारीच असतात.

तर पान पिवळं दिसलं की लगेच पाणी किंवा खत हातात घेऊ नका, आधी पिवळं पान कुठे आहे ते बघा. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पाठवू शकतं, त्यामुळे ते कमी पडले की खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही, ते कमी पडलं की शेंड्याकडची नवी पानं फिकट येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आता गंमत अशी की मातीत लोह बऱ्याचदा असतंच, पण बोअरवेलच्या जड पाण्यातल्या क्षारांनी माती अल्कधर्मी होते आणि मग ते मुळांना घेता येत नाही, अशा वेळी कितीही शेणखत घाला पान फिकटच. पावसाचं पाणी साठवून द्या आणि नर्सरीत चिलेटेड आयर्न (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) मिळतं ते पाकिटावरच्या प्रमाणात द्या, फरक नव्या पानांत दिसेल.

सगळ्यात खालचं एखादं पान अधूनमधून पिवळं होऊन गळलं तर काही करायचं नाही, ते म्हातारं झालेलं पान. पण आठवड्याभरात तीन-चार गेली तर बोट मातीत दोन इंच घालून बघा. ओलं लागलं तर पाणी बंद. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवाच इतकी दमट असते की पानांतून बाष्प कमी जातं आणि कुंडी दहा-दहा दिवस वाळत नाही, तिथे 'दर रविवारी पाणी' हा नियम चालत नाही. त्यात नर्सरीवाले बऱ्याचदा चिकट लाल मातीचा गोळा देतात, तो आपण तसाच मोठ्या कुंडीत बसवतो. तळाला खडे घातले की निचरा होतो हेही खरं नाही, पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडकून बसतं, उलट मुळांची जागा कमी होते.

वास येत असेल, खोड बुडाशी मऊ लागत असेल तर सरळ झाड बाहेर काढा. चांगली मुळं टणक असतात, कुजलेली काळपट, दाबली की साल हातात येते. कुजलेली स्वच्छ कात्रीने कापा, मग माती, कोकोपीट आणि जाडी वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) समान प्रमाणात घेऊन मुळांना पुरेल एवढ्याच कुंडीत लावा, मोठी कुंडी नको. नवीन पान येईपर्यंत खत अजिबात नाही. आणि पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्याची वाट बघू नका.

पानाच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या तर एकतर माती फार वाळतेय नाहीतर खताचे क्षार साचलेत. मातीवर पांढरा थर दिसला तर क्षारच, भरपूर पाणी ओतून खालून निघून जाऊ द्या. खिडकीकडच्याच बाजूला मोठे वाळके डाग म्हणजे उन्हाने भाजलंय. पानाच्या खाली बारीक खरखरीत फोड दिसले तर बहुतेक वेळा रोग नसतो, मुळं पाणी ओढतायत आणि पानातून ते बाहेर जात नाहीये, पाणी कमी करा, हवा खेळू द्या. शेंड्याचं लाल टोक तर नव्या पानाचं आवरण आहे, ते गळणारच. पांढरा कापूस दिसला तर मात्र पिठ्या ढेकूण, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा लिक्विड सोप घालून पानांच्या खालूनही फवारा.

नर्सरीतून आणल्यावर लगेच पानं गळतात त्याचं कारण बहुतेक वेळा उजेड. बाहेर भर दुपारी उजेड लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो आणि खिडकीपासून आठ-दहा फुटांवर जेमतेम काहीशे, आपल्या डोळ्यांना तो फरक जाणवतच नाही, पण उन्हात बनलेल्या पानाचं इथे पोट भरत नाही म्हणून झाड ते टाकतं. खिडकीजवळ आणा आणि जागा सारखी बदलू नका. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, खोबरेल तेल लावून चमकवू नका, त्यावर धूळ अजून चिकटते.

खालची पानं जाऊन नुसतं खोड राहिलं असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर गुटी कलम करा. पानांच्या जरा खाली इंचभर साल गोल काढायची, चीक पुसायचा (हातमोजे घाला, त्वचेला खाज येते), ओलं मॉस (नर्सरीतलं शेवाळ) लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. साधारण महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, मग त्याच्या खाली कापून नव्या कुंडीत लावा, आणि जुनं खोडही फेकू नका, त्याला कापाच्या खाली नवे फुटवे येतात.