जून-जुलैत बेटावर जाऊ नका म्हणे, सगळीकडे पाऊसच असतो!

हे मी लहानपणापासून ऐकतोय आणि अजूनही दर मे महिन्यात कुणीतरी सांगतंच. अंदमानपुरतं ते बरोबर आहे, तिथे तर मान्सून केरळच्याही आधी, मे मध्येच पोचतो, समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात. पण म्हणून सगळी बेटं तशीच असं नाही ना! बाली विषुववृत्ताच्या खाली आहे, साधारण ८ अंश दक्षिणेला, म्हणजे आपल्याकडे धो धो पडत असतो तेव्हा तिकडे ऑस्ट्रेलियाकडून कोरडे वारे येतात आणि एप्रिल ते ऑक्टोबर मस्त कोरडा सीझन असतो, तिथला खरा पाऊस डिसेंबर-जानेवारीत, नेमका आपण ख्रिसमसच्या सुट्टीत जातो तेव्हा.

थायलंडचं तर अजून भारी आहे, एकाच देशात दोन तऱ्हा. फुकेत पश्चिम किनाऱ्यावर, तिकडे मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि पूर्वेकडच्या कोह सामुईला जुलैत बऱ्यापैकी ऊन, तिथे जोरदार पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला. त्यामुळे प्लीज, बुकिंग करताना नुसतं देशाचं नाव बघू नका, बेट कुठल्या किनाऱ्याला आहे ते नकाशात बघा.